मेंदी: पान, नक्षी आणि घाई

आजचा विषय कळल्यावर दोन-तीन जणांनी विचारलं, मेंदीवर समीक्षा कशी करणार? पुस्तकाची होते, नाटकाची होते, गाण्याची होते. मेंदीची कशी होणार? आमचं म्हणणं असं, की जिथे माणसं "छान जमलंय" किंवा "नाही बुवा जमलं" असं म्हणतात, तिथे समीक्षा आधीच सुरू झालेली असते. लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीचा हात धरून चार बायका जे बोलतात, ती समीक्षाच. फक्त ती कोणत्या निकषांवर चालली आहे, हे कुणी थांबून बघत नाही. आज आपण ते बघू.

एक खुलासा आधीच करतो. आम्ही 'आम्ही' म्हणतो ते मोठेपणासाठी नाही. आम्ही खरोखरच दोघं आहोत, नवरा-बायको. एकाने आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, एकीने मराठी. राहतो इथेच, वाघोलीत. बोलायला एकच जण उभं असलं तरी टिपणं दोघांची आहेत, आणि भांडणंही दोघांची.

मुद्दा सुरुवातीलाच सांगून टाकतो, म्हणजे पुढे काय चाललंय ते कळेल. मेंदी हा एक रंग आहे आणि हा रंग वेळ घेतो. आपण मेंदी जोखायला तीन निकष लावतो: नक्षी किती भरगच्च, रंग किती काळा, काम किती लवकर. या तिन्हींत वेळेला काडीची किंमत नाही. म्हणून बाजाराने त्यातला वेळ काढून टाकला आणि त्या जागी दुसरंच काहीतरी भरलं. दोष बाजाराचा आहेच. पण त्याला तसं करायला सांगणारी रुची आपली आहे. आणि रुचीबद्दल बोलणं हे तर समीक्षेचंच काम.

कुंपणावरचं झाड

वाघोली तुम्हाला माहीत आहे. नगर रस्त्यावरचं गाव. वाघेश्वराचं देऊळ, पिलाजीराव जाधवरावांचं नाव, आणि दगडखाणी. ३० जून २०२१ रोजी पुणे महापालिकेत जी २३ गावं आली, त्यांतलं हे एक. आता केसनंद फाट्याच्या आसपास बघाल तर सोसायट्याच सोसायट्या. विदर्भ, मराठवाडा, राजस्थान, बिहार, बंगाल, सगळीकडची माणसं इथे राहतात.

आमच्या सोसायटीत दर दोन महिन्यांनी सूचना लागते: "मेंदीची छाटणी होणार आहे, गाड्या बाजूला घ्याव्यात." आम्ही एकदा मुद्दाम जाऊन ती मेंदी पाहिली. ती होती पिवळट पानांची ड्युरांटा. काही ठिकाणी कोयनेल. मेंदीचं एकही झाड नाही. म्हणजे बघा, मराठीत 'मेंदी' या शब्दाचा एक अर्थच कुंपण असा झालाय, इतकं हे झाड घरोघरी बांधावर असायचं. शेळ्यांनी फारसं खायचं नाही, पाणी कमी लागायचं, छाटलं की दाट व्हायचं. आज शब्द कुंपणावर शिल्लक आहे आणि झाड गेलंय. आमच्या मते मेंदीच्या सगळ्या गोष्टीचं हे छोटं रूप आहे. नाव तेच ठेवायचं, आतली वस्तू बदलायची.

खरी मेंदी ओळखायची परीक्षा सोपी आहे. कोवळी पानं घ्या, थोड्या पाण्याबरोबर चुरडा, लगदा तळव्यावर दाबून धरा. तासा-दोन तासांनी हात केशरी झाला तर ती मेंदी. ड्युरांटाचा हात हिरवाच राहतो आणि धुतला की जातो.

रंग चढतो म्हणजे काय होतं

आता थोडं रसायन. घाबरू नका, फळा नाही आणलेला.

मेंदीचं शास्त्रीय नाव लॉसोनिया इनर्मिस. आयझॅक लॉसन नावाच्या स्कॉटिश डॉक्टरावरून हे नाव पडलं, आणि झाडावरून तिच्यातल्या रंगद्रव्याला लॉसोन म्हणतात. वाळलेल्या पानात ते वजनाच्या साधारण १ ते २ टक्के निघतं. पण पानात ते मोकळं नसतं, साखरेच्या रेणूला बांधलेलं असतं. पान वाटलं, ओलं करून ठेवलं, की ते हळूहळू सुटतं. आपल्या आज्या मेंदी भिजवून तासन्‌तास का ठेवायच्या, याचं उत्तर यात आहे. लिंबू पिळायचा तो यासाठी, की आंबटपणात हा रंग टिकतो, एकदम उडून जात नाही.

मग लगदा हातावर लागतो. लॉसोन कातडीच्या सगळ्यात वरच्या थरात शिरतं. हा थर मृत पेशींचा, केराटिन नावाच्या प्रथिनाचा. लॉसोन त्या केराटिनला रासायनिक रीतीने जोडलं जातं. म्हणून धुतलं तरी जात नाही. केस, नखं, लोकर, रेशीम ही सगळी प्रथिनंच, म्हणून मेंदी त्यांना धरते. सुती कापड प्रथिन नाही, तिथे मेंदी नीट बसत नाही. आधी हिरड्याचा किंवा तुरटीचा हात द्यावा लागतो.

लगदा खरवडला की पहिल्यांदा दिसतो तो केशरी रंग. मग हवा लागून तो एक-दोन दिवसांत विटकरी, तपकिरी होत जातो. म्हणजे खरी मेंदी काढल्याच्या दिवशी कधीच पूर्ण रंगत नाही. दुसऱ्या, तिसऱ्या दिवशी रंगते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

दुसरी गोष्ट. कातडीचा वरचा थर जितका जाड, तितका रंग गडद. तळवे, बोटांची टोकं आणि पायांचे तळवे इथे तो सगळ्यात जाड. मनगटाच्या वर, दंडाकडे जावं तसा पातळ. म्हणून तीच मेंदी तळव्यावर गडद आणि कोपराजवळ फिकी. "मेंदी रंगली म्हणजे नवऱ्याचं प्रेम" असं आपण म्हणतो. गोड समजूत आहे, आमची काही हरकत नाही. पण रसायनाच्या हिशेबाने काम करून तळवे निबर झालेल्या बाईची मेंदी जास्त रंगणार. इथल्या खाणीवर दगड फोडणारीच्या हातावर जी मेंदी चढेल, ती एसीत बसणारीच्या हातावर चढणार नाही. प्रेमाचं माहीत नाही, कष्टाची खूण मात्र ती नक्की आहे.

जुना हात

आता जुना मराठी हात डोळ्यापुढे आणा. श्रावण सुरू झालेला. नागपंचमीच्या आदला दिवस. मुली बांधावरून ओला पाला ओरबाडून आणायच्या, पाट्यावर वरवंट्याने वाटायच्या, त्यात कात, लिंबू, चहाचं पाणी. मग तळव्याच्या मधोमध एक मोठा गोल, भोवती ठिपके, आणि बोटांच्या टोकांना टोप्या. फार तर आगपेटीच्या काडीने एखादी वेल. संपलं.

आजच्या नजरेला हे गावठी वाटतं. 'डिझाइन' म्हणून काहीच नाही. पण आम्ही समीक्षक म्हणून विचारतो, गोल तळव्याच्या मधेच का? टोप्या बोटांच्या टोकांनाच का? कारण रंग तिथेच सगळ्यात चांगला धरतो. जाडसर वाटलेल्या पाल्याने बारीक रेघ येत नाही, ठळक आकारच येतो. म्हणजे त्या नक्षीने साहित्य ओळखलं होतं आणि अंगही ओळखलं होतं. रंगाला जे जमतं तेवढंच त्याच्याकडून मागितलं. कुंभाराला माती कळते तसं हे आहे. या अर्थाने ती साधी नक्षी आम्हाला पक्की वाटते.

आणि तिचा दुसरा गुण म्हणजे विसावा. हात लिंपलेले असले की बाईला काम सांगता येत नाही. रात्रभर हात कापडात गुंडाळून झोपायचं. वर्षभर पाटा-वरवंटा, चूल, धुणं करणाऱ्या बाईला घराच्या परवानगीने रिकामी बसायला मिळणारी ती एक संध्याकाळ. आमच्या मते मेंदीचा खरा सांस्कृतिक उपयोग हा होता. शोभा त्याच्यामागून आली.

पण इथे हळवं होऊन चालणार नाही. त्या संध्याकाळी कुणीतरी भाकऱ्या थापतच होतं. बहुतेक वेळा घरातली सगळ्यात मोठी बाई. ती वाटून द्यायची, लावून द्यायची, आणि स्वतःच्या हाताला लावायची वेळ आली की उजाडलेलं असायचं. आणि घरात विधवा असेल तर तिने पाला वाटला तरी चालायचं, लावून घेतलेला चालायचा नाही. वाटताना बोटं रंगायची तेवढाच तिचा वाटा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांचं कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य शासनाने त्याच महिन्यात इतर ग्रामपंचायतींना तो कित्ता गिरवायला सांगितलं. २०२२ साली ठराव करावा लागतो, यावरून ही रीत किती खोल आहे ते कळतं. "आमच्या वेळची मेंदी" म्हणून जो उसासा टाकला जातो, त्यात ही बाई कुठे बसली होती, हेही आठवायला हवं.

आणखी एक. मेंदी एकट्या हिंदू घरातली कधीच नव्हती. ईदच्या आदल्या चाँदरातीला पुण्यात कॅम्पात, कोंढव्यात मेंदीवाल्यांभोवती जी गर्दी असते ती पाहा. दाढी मेंदीने रंगवलेले आजोबा आपल्या सगळ्यांच्या ओळखीचे आहेत. डिसेंबर २०२४ मध्ये युनेस्कोने मेंदीचे विधी, सौंदर्यदृष्टी आणि सामाजिक प्रथा आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतल्या, त्या १६ अरब देशांच्या संयुक्त अर्जावरून. तेव्हा काही जण रागावले, की मेंदी तर आपली. आमचं मत विचाराल तर एखादा रंग इतक्या लोकांचा असावा ही आनंदाची गोष्ट आहे. वारसा आहे की नाही हे यादीवरून ठरत नाही, आपण त्या वस्तूला कसं वागवतो यावरून ठरतं. आणि त्या परीक्षेत आपण काठावर आहोत.

'मेंदी' आणि 'मेहंदी'

मराठीच्या बाजूने एक निरीक्षण. पंचवीस-तीस वर्षांत आपल्याकडे एकाचे दोन शब्द झाले. 'मेंदी' म्हणजे श्रावणातली, आजीची, केसांना लावायची. 'मेहंदी' म्हणजे लग्नातला कार्यक्रम, ज्याची वेगळी पत्रिका निघते, पिवळे-हिरवे कपडे ठरतात आणि हॉल वेगळा घेतला जातो. मराठी लग्नात रंगाचा मान होता हळदीला आणि हिरव्या चुड्याला. मेंदी असायची, पण कोपऱ्यात. १९९४ साली 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यानंतर हिंदी सिनेमातलं लग्न आपल्या मांडवात शिरलं, असं आम्हाला वाटतं. आम्ही याला बाटवाबाटवी म्हणत नाही. रीती अशाच प्रवास करतात. पण रीत आली ती कॅमेऱ्याच्या सोबत आली, आणि तिथून निकष बदलले.

काय बदललं ते बघा. गाळलेली बारीक पूड आणि प्लॅस्टिकचा कोन आल्यावर केसासारखी रेघ काढता यायला लागली. ही खरी कलात्मक झेप आहे, तिला आम्ही दाद देतो. वाघोलीत आज कितीतरी मुली आणि बायका हे काम करतात. हात न टेकवता तीन तास एका दाबाने रेघ ओढायची, एक चूक झाली तर पुसता येत नाही. मान मोडते, पाठ मोडते. चित्रकलेच्या वर्गात ज्यांना कधी कुणी बसवलं नाही अशा मुली केवळ नजरेने शिकून इतकी सफाई मिळवतात. त्यांच्या कामाला 'हातावरचं नक्षीकाम' म्हणून बाजूला टाकणं हा आमच्या समीक्षेचाच आळस आहे.

तरीही काही गोष्टी सांगायला हव्यात. नवरीच्या तळव्यावर आता नवरा-नवरीचे चेहरे येतात, ते भेटले त्या जागेचं चित्र येतं, तारीख येते. कौशल्य जबरदस्त. पण तळवा म्हणजे कागद नाही. तो मिटतो, उघडतो, त्याला स्वतःच्या रेषा आहेत. वेल त्या रेषांबरोबर वळते, चेहरा त्यांच्यावर अडखळतो. आणि कातडी झडायला लागली की वेल विरत जाते तेव्हाही बरी दिसते. नवऱ्याचा चेहरा अर्धा झडलेला बघवत नाही. ती नक्षी एका फोटोसाठी असते. फोटो निघाला की तिचं काम संपलं. पुढचे दहा-बारा दिवस हात काय सांगतो, याचा विचार तिने केलेला नसतो.

आणि मुख्य अडचण अशी, की नक्षी तळव्यावरून कोपरापर्यंत चढली. तिथली कातडी पातळ. तिथे मेंदी फिकी राहणार, हा तिचा स्वभाव. पण फोटोत हात एकसारखा काळा हवा. आणि हवा तो उद्या सकाळी, परवा नाही. आता मगाचं वाक्य आठवा: खरी मेंदी दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी रंगते. म्हणजे आपण या रंगाकडे दोन अशा गोष्टी मागितल्या ज्या त्याच्याजवळ नाहीतच. मागणी तर हटत नाही. मग देणारा काय करणार?

दहा मिनिटांचा कोन

दोन वर्षांपूर्वीच्या श्रावणातली गोष्ट. आमची भाची, वय तेरा. शाळेतून आली, रस्त्याकडेच्या दुकानातून कोन घेतला. वर लिहिलेलं: दहा मिनिटांत गडद रंग, शंभर टक्के नैसर्गिक. पोरीने हातभर नक्षी काढली. खरोखर दहा मिनिटांत रंग आला. सगळ्यांनी कौतुक केलं, आम्हीही केलं. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या माणसानेसुद्धा केलं, हे इथे कबूल करतो. चौथ्या दिवशी खाज, पाचव्या दिवशी नक्षीच्या रेघेरेघेवर फोड. वेल तशीच्या तशी, फक्त फोडांची. त्वचेच्या डॉक्टर बाईंनी विचारलं, कोनाच्या कागदावर काय घटक लिहिलेत? कागद पाहिला. घटक नाहीत, कारखान्याचा पत्ता नाही, परवाना क्रमांक नाही. हात बरा झाला, पण डॉक्टर म्हणाल्या, पुढे कधी केस रंगवायचे तर आधी तपासणी करून घ्या, ही अॅलर्जी जन्मभर राहू शकते.

या कोनात काय असतं? लॉसोन दहा मिनिटांत काळं होत नाही, एवढं तर आपण पाहिलं. म्हणजे दुसरं काहीतरी रंग देतंय. अशा झटपट कोनांत पिक्रॅमिक आम्ल किंवा त्याचा सोडियम क्षार सापडलेला आहे. हे केस रंगवायच्या मिश्रणातलं कृत्रिम रंगद्रव्य. २०२४ साली तेलंगणाच्या औषध नियंत्रण प्रशासनाने अशा कोनांवर कारवाई केली, तेव्हा हेच नाव पुढे आलं. आणि ज्याला 'काळी मेंदी' म्हणतात तिच्यात बहुधा पॅरा-फेनिलीनडायअमाइन असतं, थोडक्यात पीपीडी. केसांच्या काळ्या रंगात ते जगभर वापरतात, युरोपात त्याला केसांवर २ टक्क्यांची मर्यादा आहे आणि कातडीवर लावायला परवानगीच नाही. त्वचारोगतज्ज्ञांच्या एका अमेरिकी संघटनेने २००६ साली त्याला 'वर्षातला अॅलर्जीकारक' म्हणून जाहीर केलं होतं. एकदा शरीराने त्याच्याशी वैर धरलं की ते वैर सहसा सुटत नाही.

कायदा नाही असं नाही. सौंदर्यप्रसाधनांसाठी १९४० चा औषधे व सौंदर्यप्रसाधने कायदा आहे, २०२० चे नियम आहेत. उत्पादकाचं नाव-पत्ता, परवाना, बॅच क्रमांक, घटक, वापरायची मुदत, हे सगळं वेष्टनावर हवं. रस्त्यावरच्या कोनावर यातलं काय असतं, ते घरी जाऊन बघा.

पण आज आम्हाला बोलायचंय ते 'नैसर्गिक' या शब्दाबद्दल, कारण तो आमच्या दुसऱ्या अर्ध्याचा, मराठीचा, विषय आहे. हा शब्द आता वस्तूचं वर्णन करत नाही. तो ग्राहकाला दिलासा देतो. "नैसर्गिक आहे ना, मग काही होणार नाही." यात दोन चुका आहेत. पहिली, वस्तू नैसर्गिक नाहीच. दुसरी जास्त खोल आहे. नैसर्गिक असती तरी ती निरुपद्रवी असेलच असं नाही. ज्यांच्या रक्तात जी-६-पीडी नावाच्या विकराची कमतरता असते, त्यांच्यात शुद्ध मेंदीच्या लॉसोनमुळेसुद्धा तांबड्या पेशी फुटल्याची उदाहरणं वैद्यकात नोंदलेली आहेत, विशेषतः तान्ह्या बाळांत. म्हणून बारशाला बाळाचे तळवे मेंदीने रंगवायची हौस करू नये. निसर्ग आपल्यासाठी काही जाहिरात करत नाही. त्याचे गुण आहेत, तसे अवगुण आहेत. 'नैसर्गिक' म्हणण्याऐवजी 'पानाची' म्हणा. तो शब्द तपासता येतो.

पान कुठून येतं

मग आपल्या हातावरचं पान येतं कुठून? बहुतेक पूड येते राजस्थानातून, पाली जिल्ह्यातल्या सोजत भागातून. तिथल्या मेंदीला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळालं. कोरडा मुलूख, पाऊस कमी, आणि तिथेच हे झाड रंगाला चांगलं येतं. कापणी हाताने, विळ्याने. म्हणजे या रंगामागेही कुणाचे तरी घट्टे पडलेले हात आहेत. वाघोलीच्या बांधावरून झाड गेलं, ते आठशे-नऊशे किलोमीटरवर जाऊन उभं राहिलं, आणि आपण त्याला पाकिटावरून ओळखायला लागलो.

सुरेश भटांचं एक गीत आहे, हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा आवाज. सगळ्यांच्या ओठांवर आहे. त्यात मेंदीचं पान आहे. लक्षात घ्या, नक्षी नाही, रंगलेला हात नाही, पान आहे. कवीला ते पान माहीत होतं आणि ऐकणाऱ्याला तेव्हा ते पान दिसत होतं. आज आमच्या वर्गातल्या मुलांना ते गीत शिकवायचं तर आधी पान दाखवावं लागतं. एखादी प्रतिमा अशी अर्ध्यावर सुटते, तेव्हा कवितेचंही काहीतरी जातं. समीक्षेने याची नोंद घ्यायला हवी.

मग निकष कोणते?

टीका करून सोडून देणं आम्हाला पटत नाही. म्हणून तीन जुन्या निकषांच्या जागी तीन नवे सुचवतो.

पहिला निकष वेळेचा. मेंदी बघताना "किती काळी?" विचारायच्या आधी "कधी काढली?" विचारा. लग्न रविवारी असेल तर मेंदी गुरुवारी किंवा शुक्रवारी काढा. केशरी रंग दिसला तर नाक मुरडू नका, ती चांगली खूण आहे. रात्रभर राहू द्या, सकाळी पाण्याने न धुता खरवडा, पाहिजे तर तव्यावरच्या लवंगांची धुरी द्या. जो कोन महिनोन्‌महिने दुकानात बाहेर टांगलेला राहतो तो पानाचा नव्हे. पानाचा ताजा कोन फ्रीजमध्ये ठेवावा लागतो, बाहेर काही दिवसांत त्याचा दम जातो.

दुसरा निकष अंगाचा. नक्षीने कातडी ओळखली आहे का? तळव्यावर ठळक, वर विरळ, अशी नक्षी कुणी काढली तर तिला "भरली नाही" म्हणू नका. तिला रंग कळलाय.

तिसरा निकष माणसांचा. कुणाचे हात रंगले आणि कुणाचे राहिले? मेंदी काढणाऱ्या मुलीला तिच्या तासांचे पैसे मिळाले का, की हातागणिक घासाघीस झाली? आपण घासाघीस करतो म्हणून ती स्वस्तातला, झटपट कोन हातात घेते. स्वतःची पूड भिजवून, गाळून, कोन वळणारीला वेळ लागतो आणि वेळेला पैसे लागतात. आणि घरात जी बाई "माझं काय आता" म्हणून बाजूला बसलीये, नवरा गेलेली असो नाही तर वय झालेली असो, तिच्यापुढे कोन नेला का? ते नेलं तर जुन्या मेंदीत जे चुकीचं होतं ते सुधारेल, आणि जे बरोबर होतं, तो विसावा, तोही राहील.

आमच्या भाचीचं शेवटचं सांगतो. यंदा तिने हट्टाने कुंडीत मेंदीची फांदी लावली. फांदीने लागते, रोपच हवं असं नाही. पाला अजून हातभर नक्षीला पुरेल इतका नाही. नागपंचमीला तिने डॉक्टरांना विचारून आधी कोपराशी एक ठिपका लावून दोन दिवस वाट पाहिली. काही झालं नाही. मग तळव्यावर एक गोल काढला. बाकी मुलींचे हात काळेभोर आणि हिचा केशरी गोल. मैत्रिणी हसल्या. तिसऱ्या दिवशी तो विटकरी झाला, तेव्हा तिने शाळेत नेऊन दाखवला. सोसायटीच्या कार्यालयात आम्ही एक अर्ज दिलाय, पुढच्या पावसाळ्यात कुंपणाच्या एका बाजूला तरी खरी मेंदी लावावी म्हणून. "मेंदीच तर आहे की," असं उत्तर आलं. पाठपुरावा चालू आहे.

इथे थांबतो. वेळ आहे तेवढ्यात प्रश्न घेऊ.

*(श्रोत्यांपैकी एका ताईंचा प्रश्न: केसांना लावतो त्या मेंदीचं काय?)*

चांगला प्रश्न. नियम तोच. पानाची पूड पांढऱ्या केसांना केशरी-तांबूस करते, काळं करत नाही. लोखंडी कढईत चहा, आवळा घालून भिजवली तर लोहामुळे रंग गडद होतो, ते खरं. पण एका धुण्यात केस कुळकुळीत काळे झाले, तर पाकीट उलटून बारीक अक्षरं वाचा. पीपीडी लिहिलेलं असेल तर तो केसांचा रंग आहे, मेंदी नव्हे. वापरायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, पण जाणून ठरवा.

*(दुसरा प्रश्न: काका, मग काळी मेंदी आवडणं चूकच का?)*

आवडण्यात चूक नाही हो. आवड कुणाचीही असू दे. फक्त ती आवड पुरी करायची किंमत एखाद्या तेरा वर्षांच्या पोरीचा हात मोजतो का, एवढं विचारायचं. आणि केशरी रंगाकडे दोन दिवस बघत बसायची सवय लावून बघा. आम्हाला तरी ते आवडायला लागलंय.